अव्यवस्थेचे माप : रोझालिंड फ्रँकलिन यांचे चरित्र

भवानी पेठेत किंवा सोलापूरच्या कोणत्याही जुन्या पेठेत चादरीच्या दुकानासमोर क्षणभर थांबून पाहावे. दुकानदाराच्या पाठीशी घडी घातलेल्या चादरींच्या थप्प्या लागलेल्या असतात. त्यांतील एक चादर उलगडली, तर जॅकार्ड मागावर उठलेली नक्षी या काठापासून त्या काठापर्यंत ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येताना दिसते. एक फूल पाहिले की पुढचे फूल कोठे असेल, हे न पाहताही सांगता येते. निसर्गातील स्फटिकांची घडण अशीच असते. मीठ असो, साखर असो वा हिरा असो, अणूंची एक लहानशी मांडणी तिन्ही दिशांना असंख्य वेळा गिरवली गेलेली असते. मात्र एका चादरीवरून नजर काढून सबंध थप्पीकडे पाहिले की गोष्ट निराळी होते. निगुतीने लावलेल्या थप्पीत वरच्या चादरीचे फूल खालच्या चादरीच्या फुलावर नेमके बसते. घाईत लावलेल्या थप्पीत एखादी चादर तिरकी पडते, एखादी बोटभर सरकते. अशा थप्पीतील प्रत्येक चादर स्वतःपुरती निर्दोष असते. न जुळणारे असते ते एकीचे दुसरीशी असलेले स्थान.

थप्पी न उलगडता, केवळ बाहेरून मोजमाप घेऊन, त्यातील किती चादरी जुळलेल्या आहेत आणि किती विस्कळीत, हे सांगता येईल काय? चादरीच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारणार नाही, कारण हात घालून पाहता येते. अणूंच्या थरांत हात घालता येत नाही. तेथे हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर आकड्यात देण्याचे काम १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत एका तरुण इंग्रज स्त्रीने केले. तिचे नाव रोझालिंड फ्रँकलिन. जगाला हे नाव माहीत आहे ते डीएनएच्या एका छायाचित्रामुळे आणि त्या छायाचित्रावरून झालेल्या वादामुळे. त्यांच्या चरित्रात कोळशावरचे संशोधन बहुधा प्रास्ताविक म्हणून दोन परिच्छेदांत उरकले जाते. प्रस्तुत लेखकाला तसे करणे योग्य वाटत नाही. कोळशाच्या संशोधनात त्यांची जी दृष्टी घडली, तीच पुढे डीएनएच्या आणि विषाणूंच्या कामात दिसते. तिचे यश तेथे दिसते, तसेच तिची मर्यादाही दिसते.

रोझालिंड एल्सी फ्रँकलिन यांचा जन्म लंडनच्या नॉटिंग हिल भागात २५ जुलै १९२० रोजी एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील एलिस फ्रँकलिन हे पेढीच्या व्यवसायात होते. दिवसभर पेढी सांभाळून सायंकाळी ते कामगारांसाठी चालणाऱ्या वर्किंग मेन्स कॉलेजात विद्युत्शास्त्र आणि इतिहास शिकवीत. आई म्युरियल. पाच भावंडांत रोझालिंड दुसरी आणि मुलींत थोरली. जर्मनीतून नाझींच्या छळाला कंटाळून आलेल्या निर्वासितांना आश्रय मिळवून देण्यासाठी हे कुटुंब झटत असे आणि अशी मुले त्यांनी स्वतःच्या घरीही ठेवून घेतली होती.

आपल्या वाचकांपैकी अनेकांनी लहान वयात घर सोडून वसतिगृहात राहण्याचा अनुभव घेतलेला आहे. नऊ वर्षांची असताना रोझालिंडलाही तो घ्यावा लागला. तिची प्रकृती नाजूक म्हणून समुद्राची हवा मानवेल अशा विचाराने तिला ससेक्समधील बेक्सहिल येथील निवासी शाळेत ठेवण्यात आले. पुढे अकराव्या वर्षी ती लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये दाखल झाली. मुलींना भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मनापासून शिकवणाऱ्या शाळा त्या काळी लंडनमध्येही मोजक्याच होत्या. ही त्यांपैकी एक. भाषा, गणित, विज्ञान, खेळ या सर्वांत ती पुढे असे. केवळ संगीतात तिची गती इतकी बेताची होती, की त्या शाळेचे संगीतशिक्षक, विख्यात संगीतकार गुस्ताव होल्स्ट, यांनी हिला ऐकू येण्यात काही दोष तर नाही ना अशी चौकशी तिच्या आईकडे केली होती.

१९३८ मध्ये शाळा संपली तेव्हा तिला वर्षाला ३० पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. घरी पैशाची ददात नव्हती. ही रक्कम एखाद्या गरजू निर्वासित विद्यार्थ्याला द्यावी, असे वडिलांनी सुचवले. मुलीने उच्च शिक्षण घेण्यास वडिलांचा विरोध होता अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. परंतु तिच्या भावंडांनी ती मान्य केलेली नाही आणि वरील प्रसंग पाहता ती सहज पटतही नाही.

केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात तिने रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये द्वितीय वर्गात अंतिम परीक्षा दिली. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. केंब्रिज विद्यापीठात मुलींना व्याख्यानांना बसता येत होते, परीक्षा देता येत होती. पण मुलांच्या बरोबरीची पूर्ण पदवी स्त्रियांना १९४८ पर्यंत मिळत नव्हती. ज्ञान घ्यावे, पण त्याचा हक्क मागू नये, अशी ही व्यवस्था जगातील एका अत्यंत प्रतिष्ठित विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती.

शिक्षण संपले तेव्हा महायुद्ध पेटलेले होते. १९४२ मध्ये रोझालिंड फ्रँकलिन लंडनजवळच्या किंग्स्टन येथील ब्रिटिश कोळसा संशोधन संस्थेत रुजू झाल्या. हवाई हल्ल्यांच्या काळात त्या सायकलवरून कामावर जात आणि रात्री स्वयंसेवक म्हणून वस्तीत पहारा देत. त्यांना मिळालेला विषय दिसायला अगदी रूक्ष होता : कोळशात किती पोकळी असते? आपल्या घरांत बंबाखाली जळणारा किंवा इस्त्रीत घातला जाणारा कोळसा हातात घेतला तर घन वाटतो. प्रत्यक्षात तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. काही जातींचा कोळसा वायू भराभर शोषतो, काही जातींचा शोषत नाही, असे का होते हे त्या काळी नीट उलगडलेले नव्हते. फ्रँकलिन यांनी हेलियम या अतिशय बारीक रेणूच्या वायूपासून मोठ्या रेणूंच्या द्रवांपर्यंत निरनिराळे पदार्थ कोळशात शिरवून पाहिले. जो वायू आत जातो आणि जो जात नाही, त्या दोहोंमधील फरकावरून छिद्रांच्या तोंडाची रुंदी कळते. कोळसा अधिक तापवला की छिद्रे नाहीशी होत नाहीत, तर त्यांची तोंडे अरुंद होत जातात आणि मग तो रेणूंच्या चाळणीसारखा वागतो, हे त्यांनी दाखवून दिले. विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा भरलेला असे, म्हणून युद्धकाळात या शोधाला मोल होते. याच कामावर १९४५ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

छिद्रे बाहेरून मोजून झाली. पण छिद्रांच्या भिंती कशा रचलेल्या असतात, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फेब्रुवारी १९४७ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि झाक मेरिंग यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचे तंत्र शिकल्या. पॅरिसमधील ही चार वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती, असे त्यांच्या मित्रमंडळींनी व चरित्रकारांनी एकमुखाने नोंदवले आहे. प्रयोगशाळेत स्त्री म्हणून वेगळी वागणूक नव्हती, जेवताना राजकारणापासून विज्ञानापर्यंत कडाक्याचे वाद होत आणि वाद संपला की कोणाच्या मनात काही राहत नसे.

क्ष-किरणांच्या तंत्राची थोडी ओळख येथे करून द्यावी लागेल. क्ष-किरण स्फटिकावर सोडले की अणूंच्या सुव्यवस्थित रांगांमुळे ते ठरावीक दिशांनाच जोरात बाहेर पडतात आणि छायाचित्राच्या काचेवर रेखीव ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या जागांवरून अणूंच्या रांगांमधील अंतर काढता येते. काच किंवा पाणी यांसारख्या विस्कळीत पदार्थातून मात्र ठिपके न मिळता धूसर वलये मिळतात. कोळसा या दोहोंच्या मध्ये पडतो. त्याचे चित्र ना ठिपक्यांचे, ना निव्वळ धुक्याचे. बहुतेक संशोधकांना अशी चित्रे नकोशी वाटत. ज्यातून स्वच्छ उत्तर निघत नाही तो नमुना बाजूला ठेवावा आणि चांगला स्फटिक शोधावा, ही साधी व्यवहारी रीत होती. फ्रँकलिन यांनी धूसरपणालाच माहिती मानले. त्यांनी एकाच तरंगलांबीचे शुद्ध किरण वापरले, धुक्यातील प्रत्येक कोनात किती तीव्रता आहे हे काटेकोरपणे मोजले आणि मग कागदावर एक कल्पित रचना मांडली : थर इतके रुंद, इतके थर एकमेकांना समांतर, उरलेले अणू अस्ताव्यस्त. अशा रचनेतून किरण कसे विखुरतील याचे गणित त्यांनी हाताने केले, ते मोजलेल्या आलेखाशी ताडून पाहिले, जुळले नाही तर कल्पित रचना बदलली आणि पुन्हा गणित केले. आज संगणकावर ज्याला आपण प्रतिरूपण म्हणतो ते याहून निराळे नाही. फरक आहे तो वेगाचा.

१९५० च्या निबंधात त्यांनी एका प्लास्टिकसदृश पदार्थाला १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मिळालेल्या कार्बनची रचना दिली आहे. त्यातील ६५ टक्के कार्बन ग्रॅफाइटसारख्या सपाट आणि जवळजवळ निर्दोष थरांत असतो. या थरांची रुंदी सुमारे १६ अँगस्ट्रॉम भरते (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटीमीटरचा दहा कोटींवा भाग). उरलेले ३५ टक्के अणू इतके विस्कळीत असतात, की किरणांच्या दृष्टीने ते वायूसारखेच वागतात. एकाच काळ्या ढेकळात सुव्यवस्था किती आणि अव्यवस्था किती, याचा हा टक्केवारीतला हिशेब पाहिला म्हणजे त्या बाईंच्या धीराचे कौतुक वाटते.

पुढच्याच वर्षीचा निबंध चादरींच्या थप्पीचा प्रश्न थेट हाती घेतो. शुद्ध ग्रॅफाइटमध्ये थर एकावर एक नेमके बसलेले असतात आणि दोन थरांमधील अंतर ३.३५४ अँगस्ट्रॉम असते. थर वाकडेतिकडे फिरलेले असतील तर ते इतके जवळ येऊ शकत नाहीत आणि अंतर ३.४४० वर राहते. पन्हळी पत्रे एकावर एक रचताना हा अनुभव कोणालाही येतो. पन्हळीत पन्हळ बसली की गठ्ठा आटोपशीर होतो, पत्रा आडवा पडला की गठ्ठा फुगतो. निरनिराळ्या तापमानांना तापवलेल्या कार्बनच्या नमुन्यांत सरासरी अंतर या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी पडते. फ्रँकलिन यांनी शेजारशेजारचे दोन थर न जुळण्याच्या संभाव्यतेला एक चिन्ह दिले. आपण त्याला प म्हणू. प शून्य असेल तर सगळे थर जुळलेले, प एक असेल तर एकही जुळलेला नाही. त्यांचे सूत्र असे : सरासरी अंतर = ३.४४० − ०.०८६ × (१ − प × प).

शाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला हे सूत्र पडताळून पाहता येईल. प च्या जागी शून्य घातले तर ३.३५४ येतात, एक घातला तर ३.४४०. निम्मे थर विस्कळीत असतील, म्हणजे प ०.५ असेल, तर उत्तर ३.३७५५ येते. दोन टोकांच्या बरोबर मधला आकडा ३.३९७ आहे, उत्तर त्याहून बरेच ग्रॅफाइटच्या बाजूला झुकलेले दिसते. म्हणजे अर्धी अव्यवस्था म्हणून अर्धी वाढ, असा सरळ हिशेब येथे चालत नाही. सरासरी अंतर मात्र क्ष-किरणांनी सहज मोजता येते. ते मोजावे, सूत्रात घालावे, की आत न डोकावता कळते, दर शंभर जोड्यांत किती जुळलेल्या आणि किती विस्कळीत. त्यापूर्वी अव्यवस्था हा शब्द वर्णनाचा होता; या सूत्राने ती मोजण्याची वस्तू झाली. पुढील संशोधकांनी या सूत्रात सुधारणा केल्या, पण पाया तोच राहिला.

याच सुमारास त्यांनी आणखी एक भेद दाखवला. काही कार्बन ३००० अंशांपर्यंत तापवले की हळूहळू ग्रॅफाइट बनतात आणि काही कितीही तापवले तरी बनत नाहीत. पहिल्या प्रकारात तापण्याच्या सुरुवातीलाच थरांचे छोटे गठ्ठे एकमेकांना साधारण समांतर असतात आणि त्यांना हालचालीस वाव असतो. दुसऱ्या प्रकारात गठ्ठ्यांमध्ये आडवेतिडवे बंध फार लवकर पडतात, रचना ताठर होते आणि मधल्या बारीक पोकळ्या तशाच राहतात. प्रारंभी जे जखडले जाते ते नंतरच्या प्रखर उष्णतेनेही सुटत नाही.

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनला परतल्या आणि किंग्ज कॉलेजमध्ये रुजू झाल्या. त्यांना डीएनएच्या धाग्यांवर काम देण्यात आले. तेथे आधीपासून या विषयावर काम करणारे मॉरिस विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्यात कोणाचे काम कोणते याबद्दल सुरुवातीलाच गैरसमज झाला. विभागप्रमुख जॉन रँडल यांनी तो वेळीच दूर केला नाही आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. या प्रसंगावर इतके लिहिले गेले आहे, की येथे त्याची उजळणी करण्याचे कारण नाही. विज्ञानाच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे.

विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांच्यासह काम करताना फ्रँकलिन यांच्या ध्यानात आले, की हवेतील आर्द्रता बदलली की डीएनएचे रूप बदलते. बेताच्या ओलाव्यात मिळणारे रूप सुव्यवस्थित असते. त्यातील रेणू शेजाऱ्यांशी नेमके जुळलेले असतात आणि छायाचित्रात पुष्कळ रेखीव ठिपके येतात. याला अ-रूप म्हणू. ओलावा वाढवला की धागा लांबतो, रेणू समांतर राहतात, पण प्रत्येक रेणू स्वतःभोवती वाटेल तसा फिरलेला आणि मागेपुढे सरकलेला असतो. हे ब-रूप. म्हणजे पुन्हा तीच थप्पी : प्रत्येक रेणू आतून नीट, शेजाऱ्याशी न जुळलेला. या अर्धवट अव्यवस्थेचा एक अनपेक्षित लाभ असा, की शेजाऱ्यांमुळे उमटणारे ठिपके पुसले जातात आणि एकट्या रेणूचा आकार तेवढा छायाचित्रात उरतो. मे १९५२ मध्ये सुमारे ६२ तास किरण सोडून घेतलेल्या ५१ क्रमांकाच्या छायाचित्रात फुलीसारखी जी आकृती दिसते, ती सर्पिल रेणूची खूण आहे.

फ्रँकलिन यांनी ते छायाचित्र जपून ठेवले आणि आधी अ-रूपाचे काम पूर्ण करावयाचे ठरवले. अ-रूपात ठिपके अधिक म्हणजे मोजण्याजोगी माहिती अधिक. आधी मोजावे आणि मगच रचना सांगावी, ही त्यांची शिस्त. अनेक महिने त्या गॉस्लिंग यांच्यासह कागदी पट्ट्यांच्या साह्याने लांबलचक बेरजा करीत राहिल्या. अ-रूपातील काही विषम ठिपक्यांमुळे ते सर्पिल नसावे असेही त्यांना काही काळ वाटले आणि जुलै १९५२ मध्ये त्यांनी सर्पिलाच्या निधनाची एक थट्टेची शोकपत्रिकाही काढली होती. कोळशातील अव्यवस्थेतून अर्थ काढणाऱ्या संशोधिकेने डीएनएच्या बाबतीत अव्यवस्थित रूप बाजूला ठेवून सुव्यवस्थित रूप निवडावे, हा मोठा विलक्षण पेच आहे. तरीही त्यांना दोष देताना जपावे. अपुऱ्या आकड्यांवर घाईने रचना उभारण्यात काय धोका असतो, हे नोव्हेंबर १९५१ मध्ये केंब्रिजच्या वॉटसन आणि क्रिक यांनी उभारलेल्या पहिल्या, तीन धाग्यांच्या चुकीच्या प्रतिकृतीवरून त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यातील पाण्याचा हिशेब चुकला आहे आणि फॉस्फेटचे गट आत नसून बाहेर असले पाहिजेत, हे फ्रँकलिन यांनीच त्यांना दाखवून दिले.

जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्स यांनी ५१ क्रमांकाचे छायाचित्र फ्रँकलिन यांच्या नकळत वॉटसन यांना दाखवले. फेब्रुवारीत त्यांची मोजमापे असलेला एक अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून क्रिक यांच्या हाती गेला. फ्रँकलिन यांच्या वहीतील २४ फेब्रुवारीच्या नोंदीवरून दिसते, की त्याच सुमारास त्याही दोन्ही रूपांत दुहेरी सर्पिल आहे या निष्कर्षाला येऊन पोचल्या होत्या. जोड्यांचा नेमका नियम आणि दोन धाग्यांची उलटसुलट दिशा ही शेवटची पावले मात्र वॉटसन आणि क्रिक यांनी टाकली. २५ एप्रिल १९५३ च्या नेचर नियतकालिकात तीन निबंध एकापाठोपाठ छापले गेले. फ्रँकलिन आणि गॉस्लिंग यांचा निबंध तिसरा होता. आपल्या मोजमापांचा दुसऱ्यांच्या प्रतिकृतीत किती वाटा आहे, हे त्यांना हयातीत पूर्णपणे कळले होते असे दिसत नाही.

तोवर त्या किंग्ज कॉलेज सोडून बर्कबेक कॉलेजमध्ये जे. डी. बर्नाल यांच्याकडे आल्या होत्या. टॉरिंग्टन स्क्वेअरमधील जुन्या घरांत ही प्रयोगशाळा होती. फ्रँकलिन यांची खोली वरच्या मजल्यावर आणि क्ष-किरणांचे यंत्र तळघरात. येथे त्यांनी तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या विषाणूचा अभ्यास हाती घेतला. हा विषाणू लांब काठीसारखा असतो. घट्ट द्रावणात या काठ्या समांतर लागतात, पण प्रत्येक काठी आपल्या अक्षाभोवती हवी तशी फिरलेली राहते. वाचकांच्या ध्यानात आले असेलच, की पुन्हा तेच कोडे समोर आले होते. या वेळी मात्र त्यांनी अव्यवस्थेचा लाभ पुरेपूर घेतला. १९५४ पासून त्यांच्यासोबत काम करणारे एरन क्लुग आणि विद्यार्थी केनेथ होम्स यांच्या साह्याने त्यांनी दाखवले, की विषाणूची काठी आतून पोकळ असते, तिची भिंत प्रथिनांच्या सर्पिल मांडणीची असते आणि आनुवंशिक द्रव्य मधल्या पोकळीत नसून अक्षापासून सुमारे ४० अँगस्ट्रॉमवर, प्रथिनांच्या भिंतीत दडलेले असते.

१९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना त्यांना पोटाचा त्रास जाणवू लागला. अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाल्या, उपचार झाले आणि मधल्या काळात त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. याच काळात त्यांनी पोलिओच्या विषाणूचे काम सुरू केले. वस्तुतः या विषाणूपासून धोका होता आणि काही सहकाऱ्यांना तो जवळ नको होता. त्या डगमगल्या नाहीत. संशोधनासाठी पैसा मिळवण्याचा खटाटोपही अखेरपर्यंत चालू होता, कारण आपल्यामागे गटातील माणसांचे काय होईल ही चिंता त्यांना होती. १६ एप्रिल १९५८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ३७ वर्षे होते. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्स येथे जागतिक प्रदर्शन उघडले आणि तेथील विज्ञानदालनात त्यांच्या गटाने घडवलेली तंबाखूच्या विषाणूची प्रतिकृती लोकांसमोर ठेवण्यात आली.

१९६२ मध्ये डीएनएच्या शोधाबद्दल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक हयात व्यक्तींनाच दिले जाते. विषाणूंचे काम पुढे नेणारे क्लुग यांना ते १९८२ मध्ये मिळाले. १९६८ मध्ये वॉटसन यांचे आत्मकथनपर पुस्तक आले आणि त्यात फ्रँकलिन यांचे जे चित्र रंगवले गेले त्याने त्यांचे मित्र अस्वस्थ झाले. त्यांच्या मैत्रीण ॲन सेयर यांनी १९७५ मध्ये चरित्र लिहून त्याला उत्तर दिले. त्यानंतर फ्रँकलिन हे नाव अन्यायाचे प्रतीक बनले. ते काही अंशी खरे असले, तरी त्यामुळे त्यांचे स्वतःचे काम झाकले गेले, हेही तितकेच खरे.

अव्यवस्थेचे माप घेण्याची ती रीत आज सर्वत्र रुळली आहे. स्फटिकात एखादी जागा कधी या अणूने तर कधी त्या अणूने भरलेली असते, कधी रिकामी राहते. संशोधक त्या जागेला शून्य ते एक यांमधील भराव्याचा आकडा देतात. संगणकात हजारो अणूंचा मोठा तुकडा घेऊन त्या प्रमाणात अणू यदृच्छेने पेरतात, त्यातून क्ष-किरण कसे विखुरतील हे काढतात आणि प्रयोगाशी ताडून पाहतात. थर फिरलेले किंवा सरकलेले असतील तर तीच संभाव्यता दोन थरांच्या नात्याला दिली जाते. आपल्या खिशातील मोबाइलच्या लिथियम विद्युत्घटात सुव्यवस्थित ग्रॅफाइट असते. सोडियमवर चालणाऱ्या नव्या विद्युत्घटांत मात्र कितीही तापवला तरी ग्रॅफाइट न होणारा तो हट्टी कार्बन वापरतात, कारण त्यातील अव्यवस्थित थरांत आणि बारीक पोकळ्यांत सोडियम साठवता येतो. या विषयावरील आजच्या निबंधांत १९५१ सालच्या फ्रँकलिन यांच्या निबंधाचा उल्लेख आवर्जून आढळतो.

लंडनच्या विल्सडेन येथील ज्यू दफनभूमीत त्यांची समाधी आहे. शिळेवर त्यांच्या नावाखाली त्या शास्त्रज्ञ होत्या एवढे नोंदवून विषाणूंवरील त्यांचे संशोधन मानवजातीला चिरकाल उपयोगी पडणार असल्याचा उल्लेख केला आहे. डीएनएचे नाव तेथे नाही आणि कोळशाचेही नाही.